आठ पानांची भीड

टेलरमास्तरांचं सकाळपासून कशातच लक्ष लागत नव्हतं. एका शर्टाला त्यांनी चुकून खिसा उजवीकडे लावला, उसवला आणि पुन्हा उजवीकडेच लावला! कारण मशीनशेजारीच पडलं होतं. दुकानाच्या गाळ्याचा आठ पानांचा नवा भाडेकरार. जुना या महिनाअखेर संपत होता आणि गाळ्याचे मालक संध्याकाळी पाचला सही घ्यायला येणार होते.

"वाचला का?" बायकोनं काज करता करता तिसऱ्यांदा विचारलं.

"त्यात वाचायचं काय? मागच्या वेळी तरी कुठे वाचला होता?"

"मागच्या वेळी घड्याळवाल्यांचं दुकान जागेवर होतं."

हे मात्र वर्मी लागलं. मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यांना त्यांच्या मालकानं महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढलं होतं. 'असं ठरलंच नव्हतं' म्हणून ते रडकुंडीला येऊन सांगत फिरले. पण कागदावर तसंच ठरलं होतं आणि खाली सही त्यांचीच होती. आता ते घरात बसून घड्याळं दुरुस्त करतात आणि तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. तरी हात कागदाकडे जाईना. खरं सांगायचं तर त्यांना भीड होती मालकांची. मालक भला माणूस. मुलीच्या आजारपणात दुकान दोन महिने बंद होतं, तेव्हा त्यांनी भाड्याबद्दल ब्रही काढला नव्हता. वाचलं आणि काही खुपलं, तर विचारावं लागणार. विचारलं, तर त्यांना वाईट वाटणार. त्यापेक्षा न वाचलेलंच बरं! असा विचार करणारे आपल्यात काही मास्तर एकटेच नाहीत.

तीनच्या सुमारास त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई काळा कोट शिवायला टाकायला आल्या. मास्तरांनी सवयीनं टेप काढली.

"अहो, माप आहे की तुमच्याकडे," बाई हसल्या.

"असू द्या. पुन्हा घेतलेलं बरं."

आता बायकोला राहवलं नाही. "बघा ना बाई! कोटासाठी दहादा माप घेतील, आणि या करारावर डोळे मिटून सही करायला निघालेत!"

मास्तरांचे कान लाल झाले. बाईंनी चष्मा लावून पानं उलटली आणि तिसऱ्या पानावर थांबल्या.

"मास्तर, तुम्ही कपडे विकता?"

"छे हो, शिवतो."

"इथं लिहिलंय, गाळा फक्त कपड्यांच्या विक्रीसाठी. दुसरं काही केलं तर करार मोडला. म्हणजे पहिल्याच दिवशी मशीन चालवलं की चूक तुमची! आणि हे बघा. मालक महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला काढू शकतात, पण तुम्हाला तीन वर्षं गाळा सोडता येणार नाही."

मास्तरांनी वाकून ती ओळ पाहिली. "पण ते असं वागणार नाहीत हो! देवमाणूस आहे."

"असतील. उद्या त्यांनी गाळा विकला तर? नवा मालक तुमचा जिव्हाळा बघणार नाही, कागद बघेल. धंद्याच्या जागेबाबत दोघांनी काय लिहून दिलंय, त्यावर फार काही अवलंबून असतं."

"पण त्यांना राग आला तर?"

"तुम्ही पुन्हा माप घेतलंत. मला आला राग?"

मास्तरांनी टेप गुंडाळून ठेवली.

बाई गेल्या आणि पुढचे दोन तास मास्तर दुकानात येरझाऱ्या घालत राहिले. विचारतो. नको, जाऊ दे. नाही, विचारतोच! बायको मात्र आता निवांत काज करत होती, आणि त्याचाच त्यांना जास्त धाक वाटत होता.

पाचच्या ठोक्याला मालक आले. "करा सही, मास्तर. माझी झालीय. मला पुढे जायचंय."

"मालक... एकदा दोघं मिळून वाचूया का?"

मालकांचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांत कधी वाचला नाहीत. माझ्यावर विश्वास उरला नाही?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते मागे हटले नाहीत. "तुमच्यावर आहे, मालक. तुमच्यानंतर हा गाळा ज्याच्याकडे जाईल, त्याला मी ओळखत नाही."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग स्टूल ओढून बसले. मास्तर ओळीवर बोट ठेवून वाचू लागले.

"विक्रीसाठी?" मालक चमकले. "अहो, हे तर माझ्या कपडेवाल्या भाडेकरूच्या करारातलं!"

पाचव्या पानावर लिहिलं होतं, 'भाडेकरूच्या सर्व यंत्रांची दुरुस्ती मालकाने स्वखर्चाने करावी.' मालक ताडकन उठले. "काय! तुमची मशीनं मी दुरुस्त करायची? हे लिहिलं कोणी?"

"मला काय माहीत? सही तर तुमची आहे!"

आधी बायको हसली, मग मास्तर, आणि शेवटी डोकं खाजवत मालकही. टायपिंगवाल्यानं दोनतीन जुन्या करारांची पानं एकत्र करून, नावं बदलून करार तयार केला होता, आणि मालकांनीही तो न वाचताच सही ठोकली होती!

तासभर बसून दोघांनी दुरुस्त्या केल्या. गाळा शिलाईकामासाठी, आणि नोटीस दोघांनाही सहा महिन्यांची. मास्तरांनी गाळ्यात पोटभाडेकरू ठेवण्याचं विचारलं, त्याला मालकांनी साफ नकार दिला. मास्तरांनी तो मान्य केला. निदान आता तो ठाऊक तरी झाला. दोन दिवसांनी नवा करार आला, तोही दोघांनी मिळून वाचला आणि मगच सह्या केल्या.

निघताना मालक दारात थांबले. "मास्तर, त्या कपडेवाल्यानंही वाचला नसणार हो. आजच जातो त्याच्याकडे. त्यालाही वाचायलाच बसवतो."

वाचकहो, सही करण्याआधी वाचलं म्हणून चांगल्या माणसाचा अपमान होत नाही. दोघांनाही कळतं, आपण नेमकं काय कबूल करतोय. आपल्याही कपाटात असा एखादा न वाचलेला करार पडला असेल. आजच काढा. कळलं नाही तर जाणकाराला विचारा. आणि लाज वाटायचीच असेल, तर ती विचारण्याची नको, न वाचता सही केल्याची वाटू द्या!