सहा मार्कांचा बुडबुडा

“खोडा ते, मावशी. पेशी काढा, मी मार्क देतो,” सर म्हणाले, आणि त्यांनी खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.

मावशीनं खोडरबराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उत्तरपत्रिकेवर तिनं जाड काळ्या कडेचा एक गोल काढला होता, आत काहीही नसलेला, आणि खाली लिहिलं होतं, ‘हा हवेचा बुडबुडा आहे. पेशी दिसत नाही.’ शेजारी सरांचं लाल शाईतलं शून्य होतं. सहापैकी शून्य.

मावशी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. सव्वीस वर्षं काचा धुवायच्या, बाटल्या पुसायच्या आणि कांद्याचे पापुद्रे काढून स्लाइड बनवायच्या, हे तिचं काम. पापुद्रा चिमट्यानं अलगद सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, रंगाचा थेंब टाकायचा आणि वरची पातळ काच सुईवर तिरकी टेकवून सावकाश खाली आणायची. घाई केली की हवा अडकते. सर अकरा वर्षं तिथे शिकवत होते, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेलं तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते फळ्यावर आकृती काढायचे, नावं द्यायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची. वर स्टाफरूममध्ये बसून नाकानं कांदे सोलायचे, की हल्लीच्या पोरांना निरीक्षणच नको असतं.

चाळिशी उलटल्यावर मावशी दहावी झाली आणि यंदा, पन्नाशी गाठल्यावर, बाहेरून बारावीला बसली. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी जीवशास्त्रात निम्मे मार्क हवे होते, आणि पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ती बाद होणार होती. लेखी पेपर जेमतेम गेला होता. भरवसा होता तो प्रात्यक्षिकावर, त्यातही या सहा मार्कांवर.

खरं तर अभ्यासाला लागल्यावर ती जागेचं विसरूनच गेली होती. तिची मुलगी नर्स होती. ती कामावरून आली की दोघी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसायच्या. ज्याकडे नुसता ठिपका म्हणून मावशी इतकी वर्षं बघत आली, ते केंद्रक निघालं. पेशीतली मधली मोकळी जागा मोकळी नव्हतीच. तिथे पाणी साठवलेलं असतं, म्हणून कांदा ताठ राहतो आणि पाणी गेलं की मऊ पडतो. हुकूम सोडणारं केंद्रक एक आणि ऊर्जा पुरवत राबणाऱ्या तंतुकणिका शेकडो, हे वाचल्यावर ती म्हणाली होती, की ही तर आमच्या कॉलेजचीच घडी दिसते. मुलगी हसली, पण मावशीला आतून राग आला होता. एवढं सगळं आपण रोज आपल्या हातानं काचेवर ठेवत होतो आणि कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. पूर्वी एकदा तिनं सरांना त्या ठिपक्याबद्दल विचारलं होतं. तुम्हाला काय करायचंय, असं म्हणून ते निघून गेले होते.

ती परीक्षार्थी, म्हणून आज सकाळी तिला तयारीसाठी आत येऊ दिलं नव्हतं. स्लाइड सरांनीच बनवली. एकेकानं येऊन बघायचं आणि जागेवर जाऊन आकृती काढायची. वरची काच त्यांनी धपकन आडवी ठेवली असणार, कारण मधोमध हा भला मोठा बुडबुडा बसला होता आणि पापुद्रा बाजूला सरकला होता. पंचेचाळीस मुलांनी डोळा लावला, बुडबुडा पाहिला आणि वहीतली पेशी काढून दिली.

आता मुलं गेली होती. मावशीनं सरांशी बोलणंच सोडलं आणि ती बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंकडे वळली. तुम्ही बघा, एवढंच म्हणाली. बाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पाहिलं आणि मान वर केली.

“बुडबुडाच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण तुम्हाला सहा दिले तर पंचेचाळीस मुलांना शून्य द्यावं लागेल. त्यापेक्षा तुम्ही पेशी काढा. सगळेच पास होतील. कुणाचं काही बिघडत नाही.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सरही पुटपुटले.

“पोरांना शून्य नका देऊ,” मावशी म्हणाली. “त्यांनी काय घोडं मारलंय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण मी खोडणार नाही. मी बघितलं ते लिहिलंय. माझं शून्य राहू द्या.”

बाईंनी मान खाली घातली आणि उत्तरपत्रिका पाकिटात भरायला घेतल्या. मावशीला वाटलं होतं, निदान त्या तरी काही बोलतील. मग ती उठली, ट्रेमधला अर्धा कांदा घेतला आणि पापुद्रा सोलला. अंग रागानं पेटलं होतं, पण हात ठरलेल्या चालीनंच चालले. थेंब, रंग, सुईवर तिरकी काच. सरांचा बुडबुडा काढून तिनं आपली स्लाइड लावली.

“सर, या. बघा.”

“मला माहितीय कशी दिसते ती.”

“बघा म्हणते ना.”

सर वाकले. कुठला डोळा मिटायचा ते त्यांना आधी कळेना. मग ते स्थिर झाले.

“एवढ्या असतात?” अखेर ते म्हणाले. “फळ्यावर मी एकच काढतो.”

त्यांची बोटं चाचपडत सूक्ष्मदर्शकाच्या चाकांकडे गेली.

“मोठं चाक फिरवू नका,” मावशी म्हणाली. “काच फुटते.”

बाईंनी पाकिटाला सील लावलं आणि शिपायासाठी दाराकडे पाहिलं. पाकीट ऑफिसात पोचवायचं काम परिचराचंच, म्हणजे मावशीचंच होतं. मावशीनं हात पुसले, सहीच्या वहीत सही केली आणि आपलं शून्य काखेत धरून जिना उतरू लागली.