भाकरी-चटणीची एक खेप

भवानी पेठेतल्या एका बोळात प्रभुलिंगअण्णा कडक भाकरी बनवायचे आणि भिंतीला भिंत लावून गुरुलिंगमामा शेंगाचटणी कुटायचे. दोघांचा माल त्याच त्या दुकानांत आणि हॉटेलांत जायचा. पण टेम्पो वेगवेगळे, दोन्ही डिझेलचे, दोन्ही निम्मे रिकामे. एकत्र का पाठवत नाही, असं कुणी विचारलं की दोघंही म्हणायचे, "त्याच्यासंगं? हॅट!" भांडण कशावरून झालं होतं, ते आता दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं.

मामांची भाची सिद्धेश्वरी हिनं माल वाहायची इलेक्ट्रिक रिक्षा घेतली. ती दोघांकडं गेली. "एकाच खेपेत दोघांचा माल नेते. धूर न्हाय, बोळात गर्दी न्हाय."

मामा म्हणाले, "खेळण्यात माल घालू व्हय?"

अण्णा म्हणाले, "माझ्या भाकरीला त्याच्या लसणाचा वास लागंल की!"

एका सकाळी अण्णांचा टेम्पो बोळातून निघाला आणि मामांचा आत शिरला. समोरासमोर आले. मागं कोण घेणार? ड्रायव्हर चहाला गेले, मालक आपापल्या पायरीवर ठाण मांडून बसले. तेवढ्यात होटगी रोडवरून हॉटेलवाल्या चंद्रिकाबाईंचा फोन आला. आधी अण्णांना, मग मामांना. पर्यटकांची बस जेवायला येणार होती आणि भाकरीही नव्हती, चटणीही नव्हती.

सिद्धेश्वरीनं मागच्या अरुंद बोळातून रिक्षा आत घातली. रिक्षाला आवाजच नसल्यामुळं "सरका, सरका" असं तीच ओरडत होती. दोघांनी एकमेकांकडं न बघता माल चढवला.

माल राखायला अण्णा स्कूटरवरून निघाले. मामांना राहवेना, पण त्यांच्याकडं स्कूटर नव्हती. थोडं घुटमळून ते अण्णांच्याच मागं बसले. खड्डा आला की मामा अण्णांचा खांदा धरायचे, खड्डा गेला की सोडायचे.

चंद्रिकाबाईंनी भाकरीचं खोकं उघडलं आणि बघतच राहिल्या. "अण्णा, दरवेळी अर्धा चुरा निघतो. आज सगळी अख्खी कशी?"

"खोक्यांच्या मधी चटणीच्या पिशव्या कोंबल्या," सिद्धेश्वरी म्हणाली. "गादी झाली."

मामांची छाती फुगली. अण्णांनी एक भाकरी नाकाशी धरली. "वास लागलाय."

"लागू दे की," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "चटणीसंगंच खाणार हायत. उद्यापासनं असंच पाठवा."

अण्णांनी महिन्याभरात टेम्पो विकला. मामा जरा अडून राहिले, पण त्यांचा ड्रायव्हरच कंटाळून गावी निघून गेला, तेव्हा त्यांनीही विकला. बोळातले टॉवेल विणणारेही आता आमचा माल ने म्हणून सिद्धेश्वरीच्या मागं लागलेत. तिनं दुसरी रिक्षा घ्यायचं ठरवलंय.

अण्णा आणि मामा मात्र अजून सरळ बोलत नाहीत. काल रिक्षा भरताना अण्णा म्हणाले, "सिद्धेश्वरी, तुझ्या मामाला सांग, उद्या गादीला चार पिशव्या जादा दे म्हणावं. भाकरी वाढलीया."

मामा हातभरावर उभे होते.

"सिद्धेश्वरी," ते म्हणाले, "त्याला सांग, सहा देतो."