गिअरखालचा खटका

बंडेप्पा मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, वायरी घासून पुन्हा कसल्या आणि मागं वळून म्हणाला,

"अक्का, वर बसून जरा बटण दाबा."

चंद्रभागाबाई बाजेवरून हलली नाही.

"त्या शिटावर मी न्हाई बसायची. तूच दाब."

तीन वर्षांत त्या शिटावर कुणी बसलं नव्हतं. शेवटची बसली ती सून, राजूबाई. मुलगा सिद्धराम पुढं उभा राहून रेडिएटरात पाणी ओतत होता. 'दाब' म्हणाला, तिनं दाबलं. ट्रॅक्टर सुरू झाला तो सरळ पुढं गेला आणि सिद्धराम विहिरीच्या कठड्याशी चेपला गेला. "मी गिअरला हात लावला न्हाई," एवढंच राजूबाई म्हणत राहिली. तेरावा झाल्यावर चंद्रभागाबाईनं तिला मेहकरला, माहेरी लावून दिलं. पोराला खाल्लंस, असं चारचौघांत म्हणून.

तेव्हापासून चूल पेटवताना रोज चंद्रभागाबाईला गोठ्यामागून स्टार्टरची घरघर ऐकू यायची. जाऊन बघावं तर बोनेटवर कोंबडी बसलेली. मशीनला माणसाची चटक लागलीय, असं जनवाड्यातले लोक बोलायचे. बोलणाऱ्यांचं काय, त्यांना रान पेरायचं नव्हतं.

बंडेप्पानं बटण दाबलं. काही नाही. मग वायरीला बांधलेला बल्ब घेऊन तो एकेक जोड तपासत निघाला. बल्ब पेटला, पुढच्या जोडालाही पेटला. गिअरच्या दांड्यापाशी विझला. तो वाकला, हात आत घातला.

"हे कुणी केलं वो?"

"काय झालं?"

"हितं खटका आसतो, अक्का. गाडी गिअरात आसली तर त्यो स्टार्टरला करंट जाऊ देत न्हाई. कोण्या अडाण्यानं त्याला सोडून वायरी थेट जोडल्यात, त्या बी आता गंजल्यात. आशी गाडी गिअरात बी सुरू व्हती, अन् अंगावर येती."

जोडावरची चिंधी सोडून त्यानं खाली टाकली. तेलानं काळी झालेली; काठाला मात्र इरकलीचा लाल धागा अजून दिसत होता.

तीन वर्षांमागं, हरभऱ्याची पेरणी होती. खटका बिघडला होता. उद्या बिदरहून नवा आणतो, एक दिवस थांब, असं सिद्धराम म्हणाला होता. चंद्रभागाबाई थांबली नाही. रस्त्यानं जाणारा लॉरीवाला बोलावून तिनं वायरी जोडून घेतल्या, वर गुंडाळायला स्वतःचा पदर फाडून दिला. त्या साली गावात पहिली पेरणी तिची झाली, आणि ते तिनं सगळ्यांना ऐकवलं होतं.

"आसंल कुणी," ती म्हणाली.

बंडेप्पानं आपल्या पेटीतला नवा खटका बसवला, वायरी जोडल्या. ट्रॅक्टर सुरू झाला, कोंबड्या पळाल्या. त्यानं तो बंद केला.

"झालं, अक्का."

"आता गिअरात टाकून दाब."

"आता न्हाई व्हायची सुरू."

"दाब म्हणते न्हवं."

ती उठली आणि ट्रॅक्टरपुढं, कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला सरा. हे काय करायलाव?"

"माणसाची चटक हाय का त्याला, बघू दे. तू दाब."

बंडेप्पानं गिअर टाकला, एक पाय क्लचवर ठेवला.

"पाय काढ."

त्यानं काढला. बटण दाबलं. काही झालं नाही. विहिरीतल्या पारव्यांची घूंघूं तेवढी ऐकू आली.

"आणखी एकदा."

त्यानं पुन्हा दाबलं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. चंद्रभागाबाईचा हात मागं कठड्याचा दगड चाचपत राहिला.

तिनं विचारलं, "भालकीहून मेहकरला गाडी मिळती का?"

"मिळती की. सुनंला निरोप द्यायचा आसल तर मी देतो."

"दुसऱ्याच्या तोंडून देण्यासारखा न्हाई त्यो."

व्याह्याच्या दारात ती आजवर बोलावल्याशिवाय गेली नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"चारच्या बसला माझी जागा धर, तू बी संगं चल. अन् मधीच उतरते म्हणाले, तर उतरू देऊ नको."