ज्याचा हात दुखत नाही

मिझोगुची हा व्यावसायिक बेसबॉलमधला नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उजव्या हाताचा. हंगामाच्या मधल्या सुट्टीत तो जपानमधल्या निइगाताला आपल्या लहानपणीच्या संघातल्या पोरांना शिकवायला आला, तेव्हा तिथले जुने प्रशिक्षक ओनुकी सर अभिमानानं म्हणाले, "आपल्याकडे कुणाचाच हात दुखत नाही. तुझ्या वेळीही दुखत नव्हता."

खरंच होतं ते. त्या काळी या मैदानावर वेदना अस्तित्वातच नव्हती. मिझोगुचीला तिचा शोध पुढे इस्पितळात लागला.

दुसऱ्या दिवशी पोरांचा अंतिम सामना होता. बारा वर्षांचा रेंतो सकाळपासून चेंडू टाकत होता आणि त्याचं कोपर हळूहळू खाली येत चाललं होतं.

"ज्याचा हात दुखत नाही, त्यानं हात वर करा," मिझोगुची म्हणाला.

झाडून सगळ्यांनी हात वर केले.

"बघ!" सर खुलले. "पोलादी पोरं आहेत!"

"रेंतो, तू उजव्या हातानं टाकतोस. मग वर डावा का?"

रेंतोनं उजवा उचलून पाहिला. तो खांद्यापाशीच अडला.

"उद्या तू खेळणार नाहीस."

"अरे, मग आपण हरू!" सर ओरडले.

"हरू या की, सर. हरल्यानं कोपर सुजत नाही."

रेंतोनं डोळे पुसले. "मिझोगुची सर, तुमचा नाही दुखत?"

"छे!" म्हणत मिझोगुचीनं झटकन हात वर केला. पोरं खो-खो हसायला लागली, तेव्हा त्यानं वर पाहिलं. डावा होता.

ओनुकी सर मात्र हसले नाहीत. "याला म्हणतात संस्कार," ते समाधानानं म्हणाले.