ब्रेकवरचा पाय

भारत टँकरमधून उतरून अंगणातून घरात आला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी टँकरच्या चाकाजवळ पडली होती. सत्यभामा ती उचलून घेऊन आली.

"आवो, ही कावून तितं टाकली?"

भारतने खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता. मे महिन्यातलं अंगण तापून लाल झालेलं आणि त्यावरून तो अनवाणी पायाने चालत आला होता.

"निसटली आसंल," तो म्हणाला.

नवरा काही लपवतोय हे सत्यभामाला तेव्हाच कळलं. तिने त्याला ओट्यावर बसवून पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि भोवती पिकलं होतं. तिने सुई तापवून काटा उकरून काढला. भारत दुसरीकडे बघत बसला होता. सुई खोल गेली तरी त्याने पाय ओढून घेतला नाही.

"दुकत न्हाई?"

"न्हाई."

"कवापासून?"

आधी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, मग तळव्यांना, आणि आता घोट्यापर्यंत पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे झाले होते. सकाळी अंथरुणातून उठताना तो आधी हाताने पाय चाचपून बघायचा. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भारत साखर कारखान्यात जीप चालवायचा. तेव्हा तो इतका जाड होता की स्टिअरिंग पोटात रुतायचं. रात्री घोरून घोरून झोप पुरी व्हायची नाही आणि दिवसा गाडी चालवता चालवता डोळा लागायचा. एकदा जीप पुलाच्या कठड्याला जाऊन अडकली. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, असाच राहिलास तर झोपेतच जाशील. त्यांच्याच चिठ्ठीवर पुण्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन फुकटात झालं. जठर कापून लहान केलं. वजन उतरलं, घोरणं थांबलं. गावात मात्र चेष्टा झाली. लोकांना पोटभर खायला मिळेना आणि ह्याने खाता येऊ नये म्हणून पोट कापून घेतलं, असं लोक पारावर म्हणायचे.

ऑपरेशन फुकटात झालं खरं, पण दवाखान्यातून निघताना सांगितलेलं सगळं जन्मभराचं होतं. प्रोटीनच्या पावडरचा डबा, व्हिटॅमिनच्या गोळ्या, कॅल्शियम, महिन्याला टोचायची व्हिटॅमिनची एक सुई. कारखाना चालू होता तोवर ते निभलं. मग पाऊस गेला तो गेलाच. ऊसच राहिला नाही. त्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटलं नाही, थकलेला पगार थकलेलाच राहिला. भारत बबनरावांच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला.

औषधांतलं काहीतरी बंद करावंच लागणार होतं. तेव्हा नवरा-बायकोने बसून विचार केला. डबा सगळ्यांत महाग, म्हणजे खरं औषध तोच, असं दोघांनाही वाटलं. सत्यभामाने दोन शेळ्या विकल्या आणि डबा चालू ठेवला. गोळ्या आणि सुई बंद केली. सुईसाठी तालुक्याला जायचं म्हणजे टँकरची खेप बुडायची. "सुई कशाला? ताकद तर डब्यातच हाय की," भारत म्हणाला आणि तिलाही ते पटलं.

पण गेले काही आठवडे डब्यातलंही पोटात टिकत नव्हतं. केबिनमध्ये घाईघाईने खाल्लेला भाकरीचा तुकडा छातीत अडकायचा आणि उलटून पडायचा. तो टँकरच्या मागे जाऊन ओकायचा, तोंड पुसायचा आणि परत गाडीवर बसायचा. बबनरावांना कळलं तर गाडी काढून घेतील ही एक भीती होती. त्याहून मोठी भीती अशी, की ऑपरेशनमध्येच काहीतरी बिघडलंय, आतून कुजत चाललंय, आणि कुणी तपासलं तर ते खरं ठरेल.

"उद्या गाडीवर जाऊ नका," सत्यभामा म्हणाली.

"वरच्या वाडीला तीन दिस झालं पानी न्हाई. बबनराव दुसरा ड्रायव्हर बगतील."

"बगू द्या."

"आन् खायाचं काय?"

सकाळी तो निघाला तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन केबिनच्या दुसऱ्या दाराशी उभी होती. "मी येते संगं," ती म्हणाली आणि चढून बसली. सासू, केसरबाई, दारातून ओरडली, "आगं, बाईमानसानं टँकरवर कुटं जायचं?" सत्यभामाने केबिनचं दार ओढून घेतलं.

वरच्या वाडीच्या विहिरीत अर्धं पाणी सोडलं. उरलेलं अर्धं घाटाखालच्या वस्तीला द्यायचं होतं. धारूरचा घाट भारतच्या सवयीचा होता. पण अर्धी भरलेली टाकी घेऊन उतरायचं म्हणजे मागचं पाणी हिंदकळतं, वळणावर गाडीला पुढे ढकलतं. तो गाडी दुसऱ्या गियरमध्ये घेऊन सावकाश उतरू लागला.

दुसऱ्या वळणावर त्याला रस्त्याचे दोन रस्ते दिसले.

त्याने डोळे मिटून उघडले. दोन कठडे, एकमेकांत घुसलेले. दोन दगड, पांढऱ्या रंगाचे. असं मागे एकदोनदा झालं होतं, पण लगेच जायचं. या वेळी गेलं नाही. कपाळावर घाम आला. कोणता रस्ता खरा आणि दरी कोणत्या बाजूला, हे त्याला ठरवता येईना.

"सत्यभामा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही. "मला दोन दोन दिसायलंय."

"थांबवा गाडी!"

"दाबलाय ब्रेक. लागंना."

गाडी थांबण्याऐवजी पळू लागली. इंजिन किंचाळलं. सत्यभामाने खाली वाकून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

"आवो, पाय ब्रेकवर न्हाई! कडंच्यावर हाय!"

त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. आपण कशावर पाय दाबतोय ते त्याला समजतच नव्हतं. ती सीटवरून खाली घसरली, दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली, पाय उचलून मधल्या पेडलवर ठेवला आणि त्यावर आपल्या अंगाचा भार टाकला. मागचं पाणी धाडकन पुढे आदळलं. टँकरला हिसका बसला.

"आता कुनीकडं?" भारत ओरडला. "डोंगर कुनीकडं हाय?"

तिला खालून रस्ता दिसत नव्हता. मान वर करून तिने खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. उजव्या बाजूला नुसतं आभाळ होतं, डावीकडे खडक.

"डाव्या हाताला डोंगर! डाव्या हाताला घ्या!"

त्याने स्टिअरिंग डावीकडे पिळलं आणि हँडब्रेक ओढला. टँकरची कड डोंगराला घासत गेली, पत्रा फाटल्याचा आवाज झाला, आणि गाडी थांबली.

मग पुढून बायकांचा गलका ऐकू आला. वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला वस्तीवरच्या बायका घागरी, हंडे मांडून टँकरची वाट बघत उभ्या होत्या. भारतला त्या दिसल्या, एकेक बाई दोन दोन. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडू लागला. सत्यभामा खालीच बसून राहिली. तिने त्याचा पाय अजून सोडला नव्हता.

निरोप गेल्यावर बबनराव जीप घेऊन आले. आधी त्यांनी टँकरभोवती फेरी मारली, फाटलेला पत्रा हाताने चाचपला. मग भारतसमोर उभे राहिले.

"मरायचं व्हतं तर एकटा मर की बे! त्या बायकांनी काय केलंतं तुजं?"

भारतने मान वर केली. एक डोळा आतल्या बाजूला ओढल्यासारखा झाला होता. बबनरावांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला.

"काय झालं ह्याला?" त्यांनी सत्यभामाला विचारलं. तिने सगळं सांगितलं. पाय, काटा, उलट्या, सगळं. भारतने तिला थांबवलं नाही. बबनरावांनी दोघांना जीपमध्ये घातलं आणि गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लावली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी भारतच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, त्याला सरळ रेषेत चालायला लावलं, पोटावरचे व्रण पाहिले आणि विचारलं, "वजनाचं ऑपरेशन झालंय ना? उलट्या किती दिवसांपासून? सुई चालू आहे का?"

"सुई बंद केली," सत्यभामा म्हणाली. "गोळ्याबी. पर डबा चालू हाय, म्याडम. डबा एकदाबी चुकवला न्हाई."

डॉक्टरबाईंनी नर्सला हाक मारून लगेच सलाइनमधून औषध सुरू करायला सांगितलं.

"डब्याऐवजी अंडी चालली असती," त्या म्हणाल्या. "दूध, डाळ, फुटाण्याचं पीठ, शेंगदाणे, थोडं थोडं, चावून चावून. पण त्या गोळ्यांना आणि सुईला पर्याय नाही. ह्यांच्या पोटाला अन्नातलं व्हिटॅमिन पुरेसं घेता येत नाही. त्यात उलट्यांनी होतं तेही गेलं. त्याच्याशिवाय नसा काम करत नाहीत, म्हणून पाय आणि डोळे असे झाले. गोळ्या इथे मिळतात. सुई तुमच्या जवळच्या आरोग्य उपकेंद्रातही देतील."

"ती तर स्वस्त व्हती," सत्यभामा म्हणाली. "स्वस्त व्हती म्हनून आमी..." पुढे तिला बोलवेना. तिच्या डोळ्यांपुढे त्या दोन शेळ्या आल्या आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"डोळ्यानं परत नीट दिसंल का?" भारतने विचारलं.

"डोळे सुधारतील, बहुतेक लवकरच."

"आन् पाय?"

डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही. "वेळ लागेल. संवेदना किती परत येईल ते आज सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भारतला समोरच्या खाटेवरचा म्हातारा एकच दिसला. त्याने सत्यभामाला उठवून ते सांगितलं. पण पाय तसेच होते. घरी आल्यावर तो काठी घेऊन, जमिनीकडे बघत चालायला शिकला. बबनरावांनी टँकरवर दुसरा माणूस ठेवला, पण पत्र्याचे पैसे मागितले नाहीत. भारतला त्यांनी चारा छावणीत जनावरांची नोंद ठेवायला बसवलं. उलटीची नुसती उबळ आली तरी सत्यभामा हातातलं काम टाकून धावत यायची आणि डोळ्यांपुढे बोट धरायची. "किती?" ती विचारायची. "एक," तो म्हणायचा, आणि ती परत कामाला लागायची.

पुढच्या पावसाळ्यात पाणी झालं. एक वर्ष गेलं आणि कारखाना परत चालू व्हायची बातमी आली. जुन्या ड्रायव्हरांना बोलावणं आलं. वाहन विभागाच्या साहेबांनी भारतला ओळखलं, हसून जीपची किल्ली टेबलावर ठेवली.

भारतने किल्लीकडे पाहिलं. थकलेला पगार, पक्की नोकरी, सगळं त्या किल्लीला लटकलेलं होतं. हात पुढे गेला आणि तीच जुनी भीती परत आली, खरं सांगितलं तर नोकरी जाईल. त्याने हात मागे घेतला.

"सायेब, उजव्या पायाला आजून नीट समजत न्हाई. ब्रेक कुटं हाय ते बगावं लागतं."

साहेबांनी किल्ली परत खणात टाकली. "मग वजनकाट्यावर बसशील?" त्यांनी विचारलं. "उसाच्या गाड्यांचं वजन लिहायला. पगार कमी आहे."

"बसतो."

बाहेर सत्यभामा लिंबाखाली थांबली होती. त्याचा चेहरा बघून तिला काही कळेना.

"काय झालं?"

"काट्यावर घेतलं. पगार कमी हाय."

"सांगितलं तुमी?"

"सांगितलं."

तिने मान डोलावली. "चला मग. उपकेंद्र दुपारी बंद व्हतंय. सुई घेऊनच घरी जाऊ."