पोपटी धागे

मास्तरांनी बाटलीचं झाकण उघडलं, खिशातलं फडकं काढून तिचं तोंड आतून-बाहेरून लख्ख पुसलं आणि मगच ती गिअरबॉक्सच्या नळाखाली धरली. त्यांची मुलगी तेव्हा पाठमोरी उभी राहून इतरांनी दुसऱ्या यंत्रांतून भरलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"घ्या मॅडम," भरलेली बाटली पुढे करत ते म्हणाले, आणि अकरा फिटरांनी हसू दाबलं. तीन दिवस बापलेकीची ही गंमत चालली होती.

तिला या सगळ्यांना शिकवायचं होतं ते एवढंच: तेलाचा नमुना घ्यायचा, गाळायचा आणि गाळणीवर उरेल त्यावरून यंत्राच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचं. तिची ही पहिलीच तुकडी. ती नीट पार पडली तर कारखान्याची स्वतःची प्रयोगशाळा निघणार होती आणि ती तिच्या हाती येणार होती. नाहीतर नमुने पूर्वीसारखेच बाहेर जाणार. ते ठरवणारे साहेब मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

मास्तर बत्तीस वर्षं तेल नुसतं हुंगून यंत्रांची दुखणी सांगत आले होते. या गिअरबॉक्सचं तर त्यांनी महिनाभर टुमणं लावलं होतं, "धडधाकट आहे, उगाच उघडू नका." साहेबांना पुरावा हवा होता. तो नसेल तर चार दिवस काम बंद ठेवून गिअरबॉक्स उघडायचा.

मास्तरांचा नमुना गाळून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धातूचा कण औषधालाही नव्हता. धूळ मात्र होती आणि तिच्यात अडकलेले तीन-चार धागे. पोपटी.

ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. सात वर्षांची असताना तिला याच रंगाचा फ्रॉक शिवला होता. आखूड झाल्यावर आईने त्याची फडकी केली, हे तिला ठाऊक होतं. त्यातलं एक अजून कामावर येतं, हे ठाऊक नव्हतं.

चिमटा हाताशीच होता. धागे उचलले, धूळ टिपली की झालं. बाबांच्या नाकाची लाज राहिली असती. तिने चिमटा उचलला आणि परत ठेवला.

"हा नमुना बाद," ती म्हणाली. "यातली धूळ आणि कापडाचे धागे यंत्रातले नाहीत. बाटली कुणीतरी पुसली आहे. ती येतानाच स्वच्छ असते, पुसली की घाण होते."

"कुणाची बाटली?" साहेबांनी विचारलं.

"मास्तरांची."

कुणीही हसलं नाही. मास्तर सावकाश उठले आणि त्यांनी फडकं बाहेर काढून दाखवलं.

"हातालाच सवय आहे हो, मॅडम. पुन्हा घेऊ?"

"घ्या. आधी थोडं तेल वाहू द्या."

दुसऱ्या वेळी सगळेच भोवती जमले. मास्तरांचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोन्ही वेळा अकरा जण एका सुरात ओरडले, "मास्तर!"

ही गाळणी मात्र स्वच्छ निघाली.

"गिअरबॉक्स धडधाकट आहे," तिने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मास्तरांनी नाकाच्या शेंड्याला हात लावला आणि कॉलर ताठ केली.

साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं.

"प्रयोगशाळेची खोली उद्या बघून घ्या," ते तिला म्हणाले. "बापाला बाद करणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर मी डोळे मिटून सही करीन."

"थँक्यू, साहेब!" ती आनंदाने म्हणाली.

सुटी झाल्यावर दोघं नळावर हात धूत होती.

"बाबा, ते फडकं द्या मला."

"कशाला? तेलकट आहे."

"माझा फ्रॉक आहे तो."

"मग? मला माहीत नाही होय?"

"पण फडकं आठ दिवसांत टाकून द्यायचं, असं तुम्हीच सगळ्यांना बजावता ना?"

मास्तरांनी फडक्याची नीट चौघडी केली आणि ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

"बाटलीला लावणार नाही, शब्द देतो," ते म्हणाले. "पण मागू नकोस. वीस वर्षं दर रविवारी मी स्वतः धुतोय ते. तुझ्या आईलाही हात लावू देत नाही."