अर्ध्या मुठीची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी सामाईक भिंत आहे. पारोळ्यात, किल्ल्याच्या मागच्या एका गल्लीत उभी आहे. माझ्या एका अंगाला पाटलांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आणि दुसऱ्या अंगाला उत्तमचंदशेठचं घर होतं. ‘होतं’ असं म्हणायची मला अजून सवय झालेली नाही.

सामाईक म्हणजे दोघांची. ऐकायला हे फार छान वाटतं. पण दोघांच्या गायीला दोन्ही घरी चारा मिळत नाही, ही म्हण तुमच्याकडे नसली तरी अनुभव असेलच. पाटलांनी माझं त्यांच्याकडचं अंग दरवर्षी पांढऱ्या मातीने सारवलं. शेठजींनी त्यांच्याकडच्या अंगाला आधी चुना लावला, मग पोपटी ऑइलपेंट. एका अंगाने मी पाटलीण आणि दुसऱ्या अंगाने शेठाणी. संपूर्ण मी कशी दिसते, हे आजवर कुणीच पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही.

माझा जन्म झाला तेव्हा चुडामण पाटलांचे आजोबा झुलालआबा आणि उत्तमचंदशेठचे आजोबा यांनी शेजारी शेजारी जागा घेतल्या. दोघांत एकच भिंत घातली तर दोघांचीही हातभर जागा वाचेल, असं त्यांनी ठरवलं. गावाबाहेरून गाडीने पांढरी माती आणली, तिच्यात गव्हाचं भुसकट घातलं आणि माणसांनी ती पायाने तुडवली. निंबा मिस्तरी थरावर थर चढवत गेला. पाटलांच्या छताच्या सागवानी खांडांची, म्हणजे तुळयांची डोकी माझ्या खांद्यावर टेकली. तो भार मला कधी भार वाटला नाही. कुणीतरी खांद्यावर डोकं ठेवलेलं बरंच असतं.

निंबाकडून चूक झाली ती कोनाड्याची. झुलालआबा म्हणाले, मागच्या ओसरीवर दिव्यासाठी एक कोनाडा ठेव. शेठजी म्हणाले, आमच्या चुलीच्या वर मिठाच्या बरणीसाठी एक कोनाडा ठेव. निंबाने दोघांनाही ‘हा’ म्हटलं. एका दिवशी इकडून कोरलं, दुसऱ्या दिवशी तिकडून. दोन्ही कोनाडे नेमके समोरासमोर आले आणि आरपार भोक पडलं. पाटलांच्या ओसरीवरून शेठजींची चूल दिसायला लागली.

“निंबा, हाई काय करी ठेवं रे?” आबा ओरडले.

“दोन्ही जनस्नी जे सांगं तेच करं, आबा,” निंबा म्हणाला.

पलीकडून शेठजी वाकून बघत होते. ते म्हणाले, “राहू द्या, आबा. बुजवायला परत माती तुडवावी लागेल. दोन्हीकडून एकेक झडप लावू. ज्याला बोलायचं नसेल त्याने आपली झडप लावून घ्यावी.”

तशा झडपा लागल्या. अबोले पुष्कळ झाले. पण झडप लावून फार दिवस कुणाचं निभलं नाही, कारण दूध नासायचं, विरजण संपायचं, लेकराच्या कानात घालायचं तेल कोमट हवं असायचं आणि चूल शेजारच्या घरात पेटलेली असायची.

आता मुठीची गोष्ट सांगते. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. त्याआधी घर सारवतात, आणि रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळीसाठी, गहू काढताना घरातल्या माणसांच्या नावाने एकेक मूठ घेतात. तो रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा. परक्याला त्यातला कण द्यायचा नाही, अशी रीत आहे. नव्या घरातल्या पहिल्याच कानबाईला झुलालआबांच्या बायकोने, भागाबाईने, सगळ्यांच्या मुठी झाल्यावर अर्धी मूठ अजून घेतली.

“हाई कोन्ही मूठ?” आबांनी विचारलं.

“भितनी. तीबी घरमाच ऱ्हास ना?”

“मंग आर्धी कसाले?”

“निम्मीच आपली शे ती,” भागाबाई म्हणाली.

तेव्हापासून दरवर्षी माझी अर्धी मूठ निघू लागली. कानबाईला नदीवर पोचवून आले की रोटाचा एक तुकडा आणि थोडी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाटीत घालून कोनाड्यात ठेवायची, आणि मागे वळून बघायचं नाही. दिवस कलायच्या आत वाटी धुतलेली मिळायची. पोरं म्हणायची, भिंत जेवली. मित्रांनो, भिंतींना दात नसतात, एवढं तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. पण माझ्या वाट्याचं कुणीतरी आवडीने खातं, यात मला केवढा मान वाटायचा म्हणून सांगू!

पुढे पाटलांच्या घरात चुडामणभाऊंची नवरी म्हणून प्रमिलाबाई आल्या, चोपड्याच्या. वर्ष उलटायच्या आत शेठजींच्या घरात उत्तमचंदशेठची नवरी म्हणून कुसुमलताबाई आल्या, थेट राजस्थानातून. कुसुमलताबाईंना अहिराणीचं एक अक्षर येत नव्हतं. त्या कोनाड्यात तोंड घालून शिकल्या.

त्यांच्या जैन घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीसुद्धा काहीजण घेत नाहीत. पण त्यांच्या मावळतीला मीच उभी, म्हणून सूर्य दिसायचा नाही. उलट पाटलांच्या ओसरीवर संध्याकाळचं ऊन माझ्या अंगावर वर वर चढत जायचं. ते कोनाड्याच्या वर सरकलं की प्रमिलाबाई झडपेवर बोटं वाजवायच्या.

“कुसुम वं, दिन बुडी ऱ्हायना! जेयी ले!”

“अक्का, हे अजून दुकानातून आले नाहीत.”

“तो येवो का ना येवो. सूर्य काय त्यान्ही वाट दखी ऱ्हायना का?”

घड्याळं दोन्ही घरांत होती. तरी घड्याळावर कुसुमलताबाईंचा विश्वास नव्हता. उन्हाची खबर माझ्या अंगावरून प्रमिलाबाईंकडे आणि त्यांच्याकडून कोनाड्यातून पलीकडे, असाच तो रस्ता होता. ती माझी उमेदीची वर्षं. गल्लीत कुणीही नवीन आलं की पाटील आणि शेठजी आलटून पालटून मला थोपटून सांगत, “एक तडा नाही बघा हिला!” थोपटून घ्यायला कुणाला आवडत नाही?

मग गल्ली रिकामी होऊ लागली. सोनारांचं घर पडलं, तिथे आता गाड्या लावतात. सुपडू शिंप्याच्या ओट्यावर मुली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधायच्या, त्या जागी पैसे काढायचं यंत्र बसलं. पाटलांचा दीपक नोकरीसाठी सुरतेला गेला. चुडामणभाऊ एका उन्हाळ्यात आजारी पडून गेले. पलीकडे उत्तमचंदशेठही गेले. माझ्या दोन्ही अंगांना एकेक बाई उरली. घरात माणसं कमी झाली की भिंतीला ऐकू जास्त येतं. एकटीसाठी टाकलेल्या भाकरीचा आवाज वेगळा असतो. एकदाच थापटतात आणि मग शांत.

गेल्या वर्षी कुसुमलताबाईंचा मुलगा अर्हम त्यांना पुण्याला घेऊन गेला. मन लावून करणारा मुलगा आहे, त्याला बोल लावायचा नाही. जाताना त्यांनी आपल्या बाजूची झडप लावली. लावताना हात बराच वेळ झडपेवर राहिला. मग कुलूप, मग रिक्षा, मग काहीच नाही.

त्या संध्याकाळी ऊन कोनाड्याच्या वर सरकलं. प्रमिलाबाई उठल्या, झडपेपाशी आल्या, बोटं वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. हे त्या पुढे कितीतरी दिवस करत राहिल्या.

या वर्षी कानबाईच्या आधी बातमी आली. शेजारचं घर एका कापडवाल्याने घेतलं होतं, त्याला तिथे दुमजली दुकान बांधायचं होतं. घर पाडायला यंत्र येणार होतं, आणि घरासोबत मीही जाणार होते. कानबाईसाठी दीपक बायकोला, पुनमला, घेऊन सुरतेहून आला होता. तो खांडांकडे बघत म्हणाला, “आई, भित पडनी ते आपलं धाबंबी पडी. तो कापडवाला आपलंबी घर घेवाले तयार शे. आते सुरतले चाल.”

“कानबाई कोठे बसाडू? तुन्हा लिफ्टमा?” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“तू मस्करी करू नको वं, आई.”

“मस्करी नही करत. कानबाई पोचाडू, मंग सांगसू.”

त्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. थकलेलं माणूस ‘मग सांगते’ म्हणतं. ते शब्द ऐकून माझ्या अंगातली माती जन्मल्या दिवसापासून पहिल्यांदा थंड पडली.

गहू काढताना पुनम समोर बसली होती. ती नाशिकची, तिला या गोष्टी नव्या. सगळ्यांच्या मुठी झाल्या आणि प्रमिलाबाईंनी अर्धी मूठ घेतली.

“ही कोणाची, आई?”

“भितनी.”

पुनम हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. नव्या सुनेने असं बघितलं की बरं वाटतं.

कानबाई बसली, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर पोचवून सगळे परत आले. प्रमिलाबाईंनी वाटी भरली. पुनम म्हणाली, “आई, पलीकडे तर आता कोणीच नाही.”

“भित ते शे ना,” असं म्हणून त्यांनी वाटी कोनाड्यात ठेवली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली.

तेवढ्यात पलीकडचं कुलूप वाजलं. किल्ली नव्या मालकाला द्यायची म्हणून अर्हम आईला घेऊन आला होता. रिकाम्या घरात त्यांच्या चपलांचा आवाज घुमला. कुसुमलताबाई सरळ चुलीच्या जागेपाशी आल्या. माझी झडप फुगून बसली होती, त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. समोर वाटी होती. वाटीपलीकडे प्रमिलाबाईंची पाठ होती.

कुसुमलताबाईंनी हात घातला, रोटाचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

“मम्मी! काय खातेस ते?” अर्हम म्हणाला.

“भिंतीचं जेवण,” कुसुमलताबाई चावत म्हणाल्या. “दरवर्षी खाते.”

पाठमोऱ्या प्रमिलाबाई वळल्या नाहीत. त्यांचे खांदे मात्र हलायला लागले.

“अक्का, रागावलीस? परक्याने खायचं नसतं, मला ठाऊक आहे. पण सासूबाईंनी पहिल्याच श्रावणात सांगितलं होतं, त्या वाटीतलं आपण उचलायचं, वाटी धुऊन ठेवायची आणि बोलायचं नाही. त्यांनाही त्यांच्या सासूने असंच सांगितलं होतं.”

प्रमिलाबाई वळल्या. त्या हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

“माले ठाऊक नही का वं? मुंग्या काय वाटी घासीसन ठेवतस?”

दोघी कोनाड्यातून एकमेकींकडे बघत राहिल्या. मित्रांनो, देणाऱ्या घरातल्या बायकांना ठाऊक होतं आणि घेणाऱ्या घरातल्या बायकांनाही. रीतही मोडली नाही आणि शेजारीही उपाशी राहिला नाही. त्यांनी मला दिलं, मी पलीकडे दिलं. एवढ्या वर्षांत दोन घरांतलं कुणी हे बोललं नव्हतं. आज बोललं गेलं, कारण उद्या बोलायला भोकच उरणार नव्हतं.

कुसुमलताबाईंनी माझ्या खांद्यावरच्या खांडांकडे बघितलं. मग त्या अर्हमकडे वळल्या.

“घराची किल्ली दे त्याला. भिंत द्यायची नाही.”

“मम्मी, सौदा झालाय.”

“घराचा झालाय. भिंत निम्मी अक्काची आहे. तिला न विचारता तू निम्मी वस्तू कशी विकलीस? घरी गाय असती तर पुढचे दोन पाय विकले असतेस का?”

अर्हमने कपाळावर हात मारला, पण फोन लावला. कापडवाला आधी कुरकुरला, जागा कमी होईल म्हणाला. दीपकही ओसरीवरून कोनाड्यापाशी आला होता. त्याने परत एकदा खांडांकडे बघितलं. मग म्हणाला, “अर्हमभाऊ, त्याले सांग, भितले हात लावशी ते पाटीलस्नी संमती नही.” आईकडे न बघताच म्हणाला. अर्हमने ते फोनवर सांगितलं आणि कापडवाला कबूल झाला. प्रमिलाबाईंनी वाटी उचलली आणि आत गेल्या. सुरतेचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

यंत्र आलं. शेजारचं घर गेलं. चुलीची जागा गेली, पोपटी रंगावर पहिल्यांदाच ऊन पडलं आणि मला दोन्ही अंगांनी आभाळ दिसलं. थोडेच दिवस. मग कापडवाल्याने माझ्यापासून वीतभर अंतर सोडून सिमेंटची भिंत उठवली. आता त्या वीतभर अंधारात माझं एक अंग उभं असतं. तिथे पाली येतात, पावसाचं पाणी झिरपतं. पलीकडची झडप मी सांभाळून ठेवली आहे, पण ती उघडली तरी समोर सिमेंट आहे. मी त्या नव्या भिंतीशी बोलून बघितलं. तिला कुणी तुडवलेलं नाही, त्यामुळे बिचारीला काही आठवतच नाही.

संध्याकाळी ऊन माझ्या अंगावर चढतं आणि कोनाड्याच्या वर सरकतं. प्रमिलाबाई मोबाईल घेऊन येतात, नंबर लावतात आणि फोन कोनाड्यात ठेवतात.

“कुसुम वं, दिन बुडी ऱ्हायना. जेयी ले.”

“अक्का, पुण्याचा सूर्य वेगळा असतो गं. इथे मोबाईलवर वेळ येते.”

“मंग तू कसाले फोन उचलस?”

पलीकडून हसण्याचा आवाज येतो. तेवढा वेळ मला दोन्हीकडे माणसं असतात. मग फोन बंद होतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारख्या भिंती असतील. त्या पाडू नका असं मी म्हणत नाही. घरं जुनी होतात, माणसांना जावं लागतं. पण पाडण्याआधी दोन्ही अंगांना जाऊन उभं राहा. कुणाचं डोकं हिच्या खांद्यावर टेकलंय आणि हिच्या वाट्याचं कोण जेवतं, एवढं विचारून घ्या.

परवा पुनमने सुरतेहून फोनवर सासूला विचारलं, “आई, पलीकडचं घरच नाही आता. म्हणजे भिंत सगळी आपलीच. पुढच्या कानबाईला मी तिची पूर्ण मूठ घेऊ का?”

प्रमिलाबाईंनी माझ्या अंगावर हात ठेवला.

“नही वं,” त्या म्हणाल्या. “आर्धीच ले. निम्मी कुसुमनी शे.”